6 विजय, 12 पराभव, तरी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश: अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा कॉन्फरन्स हंगाम कसा वाचायचा

प्रश्न असा आहे: 2024-25 च्या हंगामात टेक्सास आणि ओक्लाहोमा हे पुरुषांचे दोन संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एसईसी या समूहात, 18 पैकी फक्त 6 सामने जिंकले. तरी दोघांनाही एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेच्या 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली. हे कसं काय? आणि तसं असेल तर दोन महिने गुणतक्ता बघायचा कशाला?

थोडक्यात सांगायचं तर कॉन्फरन्सचा तक्ता तिच्यातल्या 16 संघांची आपापसातली उतरंड दाखवतो. देशपातळीवर त्यांची किंमत किती, हे त्यातून कळत नाही. ती किंमत कुणाला हरवलं आणि कुठे हरवलं यावर ठरते, आणि तिचा मोठा हिस्सा जानेवारी उजाडायच्या आधीच ठरून गेलेला असतो. आता सविस्तर.

आधी हिशेब. एसईसीत 16 संघ आहेत. टेक्सास आणि ओक्लाहोमा 1 जुलै 2024 ला आले आणि ही संख्या झाली. 2024-25 च्या नियमित हंगामात प्रत्येक संघाचे 31 सामने होते: 13 कॉन्फरन्सबाहेर, 18 कॉन्फरन्सच्या आत. प्रतिस्पर्धी 15 आणि सामने 18, म्हणजे तीन संघांशी घरी आणि बाहेर असे दोनदा खेळायचं, उरलेल्या 12 संघांशी एकदाच. त्या एकदाच होणाऱ्या सामन्यांपैकी निम्मे घरी, निम्मे बाहेर. पहिली गोम इथेच आहे. ही पूर्ण दुहेरी साखळी नाही. ज्याच्या वाट्याला दोनदा बलाढ्य संघ आला आणि ज्याच्या वाट्याला दोनदा तळाचा संघ आला, त्या दोघांचे 10-8 (10 विजय, 8 पराभव) सारखे नसतात. म्हणून तक्ता उघडला की आधी प्रत्येक संघाचे ते तीन दुहेरी प्रतिस्पर्धी कोण, हे बघावं. फ्लोरिडाला त्या वर्षी टेनेसी, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना असे मिळाले होते: एक अत्यंत कठीण, एक मध्यम आणि एक तळाचा.

कॉन्फरन्सच्या आत एकूण सामने 144. म्हणजे 144 विजय आणि 144 पराभव, ना एक कमी ना एक जास्त. कॉन्फरन्स कितीही ताकदवान असली तरी सरासरी संघ 9-9 वरच येणार. ऑबर्न 15-3, फ्लोरिडा 14-4, अलाबामा 13-5 असं वर झालं की खाली कुणाला तरी ते पराभव पदरात घ्यावेच लागतात. त्यामुळे 6-12 चा अर्थ 'वाईट संघ' असा सरळ लावता येत नाही. त्याच आकड्याचा अर्थ एखाद्या कमकुवत कॉन्फरन्समध्ये अगदी वेगळा होतो.

मग वेगळेपण येतं कुठून? बाहेरच्या 13 सामन्यांतून. त्या हंगामात एसईसीच्या 16 संघांनी मिळून कॉन्फरन्सबाहेरचे 208 सामने खेळले आणि 185 जिंकले. डिसेंबरच्या सुरुवातीला एसीसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सविरुद्धच्या मालिकेत 16 पैकी 14 सामने एसईसीने घेतले. कॉन्फरन्सचे आतले सामने भिशीसारखे असतात: पैसा या हातातून त्या हातात फिरतो, पण मुळात भिशीत किती जमा झालं आहे ते आधीच ठरलेलं असतं. एसईसीत त्या वर्षी जमाच इतकी मोठी होती की तळाकडच्या संघांच्या वाट्यालाही पुरेसं आलं.

ओक्लाहोमाचं उदाहरण यासाठी उत्तम आहे. नोव्हेंबरमध्ये बहामात 'बॅटल फॉर अटलांटिस' स्पर्धा जिंकली, त्यात प्रॉव्हिडन्स, अ‍ॅरिझोना आणि लुइव्हिल यांना हरवलं. डिसेंबरमध्ये शार्लटला तटस्थ कोर्टवर मिशिगनला 87-86 असं एका गुणाने नमवलं. कॉन्फरन्सबाहेर 13-0. मग आत 6-12. हंगामाअखेरच्या एसईसी स्पर्धेत एक विजय, एक पराभव. निवड समितीपुढे गेला तो 20-13 चा संघ, आणि त्याला आपल्या विभागात 9 वं मानांकन मिळालं. फक्त जानेवारी-फेब्रुवारी बघणाऱ्याला हा अन्याय वाटला. चारही महिने बघणाऱ्याला नाही. टेक्सासचं प्रकरण मात्र खरंच काठावरचं होतं. कॉन्फरन्सबाहेर 11-2, पण त्यात सांगण्यासारखं फार थोडं. आत 6-12, मात्र त्या सहांत केंटकी, मिझुरी आणि टेक्सास ए अँड एम असे मोठे विजय. डेटनला होणाऱ्या प्राथमिक फेरीत ते आत आले आणि तिथेच झेवियरकडून हरले. त्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाला बाहेर ठेवलं गेलं आणि पहिल्या गटात, म्हणजे सर्वांत कठीण सामन्यांत, 1-12 असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाला आत घेतलं, यावर झालेली ओरड मला रास्त वाटते. टेक्सासबद्दल वाद घालता येतो, ओक्लाहोमाबद्दल नाही.

'पहिला गट' म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण कॉन्फरन्स हंगामातला प्रत्येक सामना समिती या चौकटीतून बघते. 2018-19 पासून एनसीएए 'नेट' नावाची क्रमवारी वापरते. त्याआधी आरपीआय होती. नेटमधल्या प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकावरून आणि सामना कुठे झाला त्यावरून निकालाचे चार गट पडतात. पहिल्या गटात येण्यासाठी प्रतिस्पर्धी घरच्या सामन्यात 1 ते 30, तटस्थ कोर्टवर 1 ते 50 आणि त्याच्या घरी 1 ते 75 यांत असावा लागतो. दुसऱ्या गटासाठी घरी 31 ते 75, तटस्थ 51 ते 100, बाहेर 76 ते 135. तिसऱ्यासाठी घरी 76 ते 160, तटस्थ 101 ते 200, बाहेर 136 ते 240. उरलेले चौथ्यात.

आता 60 व्या क्रमांकाचा एक संघ घ्या. त्याला तुमच्या कोर्टवर हरवलंत तर दुसऱ्या गटातला विजय. त्याच्या गावी जाऊन हरवलंत तर पहिल्या गटातला. संघ तोच, खेळाडू तेच, पण जागा बदलली की विजयाचं मोल बदललं. पराभवाचंही तसंच: बाहेर हरलात तर फारसं बिघडत नाही, घरी हरलात तर डाग मोठा. एसईसीत त्या वर्षी बहुतेक संघ इतके वर होते की परक्या कोर्टवरचा जवळपास प्रत्येक सामना पहिल्या गटात मोडत होता. म्हणजे आठवड्याला मोठ्या विजयाची एक तरी संधी हमखास. छोट्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघाला अशी संधी वर्षभरात दोन-तीनदा मिळते, आणि तीही सहसा डिसेंबरात परक्या कोर्टवर. ही विषमता खरी आहे आणि ती मान्य करूनच आकडे वाचावेत.

यात एक सापळा आहे. गट निकालाच्या दिवशी गोठत नाहीत. प्रतिस्पर्ध्याचा नेट क्रमांक रोज हलतो, आणि जानेवारीत पहिल्या गटात असलेला विजय मार्चमध्ये दुसऱ्यात घसरू शकतो. म्हणून हंगामाच्या मध्यावर 'आमचे पहिल्या गटातले पाच विजय' असं कुणी म्हटलं की ते पाच संघ सध्या कितव्या क्रमांकावर आहेत ते बघा. 28, 29, 73, 74 असे काठावरचे क्रमांक असतील तर त्यावर इमारत उभारू नये.

नेटचा एक भाग कार्यक्षमतेचा आहे, आणि त्याचा ढोबळ आकडा घरबसल्या काढता येतो. सामन्याच्या बॉक्स स्कोअरमधून (आकडेवारीच्या तक्त्यातून) बॉलवरच्या ताब्यांची संख्या काढायची: फील्ड गोलचे (फ्री थ्रो सोडून बाकी शॉटचे) प्रयत्न, त्यातून आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं) वजा, त्यात टर्नओव्हर (बॉल गमावणं) अधिक, आणि फ्री थ्रोच्या प्रयत्नांना 0.475 ने गुणून तेही अधिक. समजा एका संघाने 60 शॉट घेतले, आक्रमणात 10 रिबाउंड मिळवले, 12 वेळा बॉल गमावला आणि 20 फ्री थ्रो घेतले. 60 उणे 10 अधिक 12 अधिक 9.5, म्हणजे 71.5 ताबे. गुण 80 असतील तर 100 ताब्यांमागे सुमारे 112. बचावासाठी हेच गणित प्रतिस्पर्ध्याच्या आकड्यांवर करायचं. नुसत्या गुणांवर विसंबलं की फसगत होते. कोच नेट ओट्स यांचा अलाबामा अतिशय वेगाने खेळतो, रिक बार्न्स यांचा टेनेसी बचावावर सामना आवळून धरतो. अलाबामाविरुद्ध 85 गुण खाल्ले म्हणजे बचाव वाईट झाला असं नाही, आणि टेनेसीविरुद्ध 62 गुणांत रोखलं म्हणजे तो फार ग्रेट झाला असंही नाही. एकाच आठवड्यात या दोघांशी गाठ पडू शकते. तेव्हा 100 ताब्यांमागचा आकडाच खरं काय ते सांगतो.

घर आणि बाहेर यातला फरक किती मोठा असू शकतो, हे फ्लोरिडा आणि टेनेसीने त्या हंगामात दाखवून दिलं. 7 जानेवारीला आपल्या घरी, गेन्सव्हिलमध्ये, फ्लोरिडाने अपराजित, पहिल्या क्रमांकावरच्या टेनेसीला 73-43 असं चिरडलं. तीस गुणांचा फरक. 1 फेब्रुवारीला आपल्या घरी, नॉक्सव्हिलमध्ये, टेनेसीने त्याच फ्लोरिडाला 64-44 असं हरवलं. पंचवीस दिवसांत पन्नास गुणांचा झोका. तिसरी गाठ 16 मार्चला नॅशव्हिलमध्ये, कॉन्फरन्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पडली आणि तटस्थ कोर्टवर फ्लोरिडा 86-77 ने जिंकला. घरच्या कोर्टचा फायदा ढोबळमानाने तीन-चार गुणांचा धरतात. पन्नास गुणांचं स्पष्टीकरण त्यात मावत नाही. बाकीचं काम थ्री पॉइंटरची टक्केवारी करते. एका सामन्यात 25 थ्री घेतले आणि 10 पडले तर 30 गुण, 5 पडले तर 15. तेवढ्याने सामन्याचा निकाल फिरतो, आणि संघ मुळात तोच असतो. म्हणून एका निकालावरून, मग तो कितीही एकतर्फी असो, मत बदलू नका. त्या सामन्यात शॉट मोकळे मिळाले होते का आणि बॉल किती वेळा गमावला, एवढंच आधी बघा. मोकळे शॉट चुकणं पुढच्या आठवड्यात सुधारतं. बॉल गमावण्याची खोड सहसा सुधारत नाही.

आता हंगामाच्या आतल्या यंत्रणेबद्दल. 2025 मध्ये एसईसीचे सामने 4 जानेवारीला सुरू झाले आणि 8 मार्चला संपले. दहा शनिवार आणि मधले नऊ आठवडे, म्हणजे 19 जागा आणि 18 सामने. संघाला आठवड्याच्या मधली एखादीच सुट्टी मिळते, आणि ती कधी पडते याला फार महत्त्व आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर पडली तर दुखऱ्या घोट्यांना आराम मिळतो. जानेवारीत पडली तर जवळजवळ वायाच जाते.

एनसीएएच्या नियमाने हंगामात सरावाला आठवड्याला 20 तास, दिवसाला 4 तास अशी मर्यादा आहे, सामना 3 तासांचा धरला जातो आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी सक्तीची असते. शनिवारी सामना झाला की रविवार बहुधा सुट्टीचा. पुढचा सामना मंगळवारी असेल तर तयारीला उरतो फक्त सोमवार. बुधवारी असेल तर दोन दिवस. वेळापत्रक हातात आलं की शनिवार-मंगळवार अशा जोड्या कुठे आहेत, आणि त्यातला मंगळवार बाहेरगावी आहे का, हे आधी खुणेने नोंदवावं. एसईसी टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत आणि मिझुरीपासून साउथ कॅरोलायनापर्यंत 12 राज्यांत पसरली आहे. शनिवारी रात्री परतायचं आणि सोमवारी दुपारी पुन्हा विमानात बसायचं, हा प्रवास पायांत उतरतो. थकलेल्या संघाची खूण ठरलेली: थ्री पॉइंटर रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतात आणि दुसऱ्या अर्धात बॉक्स आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने अडवणं) ढिला पडतो. टेक्सास ए अँड एमसारखा आक्रमणातल्या रिबाउंडवर जगणारा संघ नेमका तिथेच घुसतो.

तयारी वाटून केलेली असते. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची जबाबदारी एका सहायक कोचकडे असते. तो त्यांचे मागचे चार-पाच सामने बघून दहा-बारा मुख्य चाली निवडतो. खेळाडूंना यापेक्षा जास्त दिलं की कोर्टवर ते विचार करत बसतात आणि एक पाऊल उशिरा पोहोचतात. एका दिवसाची तयारी असेल तर पाच-सहा चाली, पिक अँड रोलविरुद्ध (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवून, म्हणजे स्क्रीन लावून, लगेच बास्केटकडे वळायची चाल) काय करायचं याचा एकच नियम, आणि बेसलाइनवरून बॉल आत टाकतानाच्या चाली, एवढ्यावर थांबावं. दुसऱ्यांदा गाठ पडते तेव्हा गणित बदलतं. पहिल्या सामन्यात चाललेल्या चाली समोरच्याने पाठ केलेल्या असतात. अशा वेळी चाल टाकून द्यायची गरज नसते. तिची सुरुवात बदलायची. तोच स्क्रीन, पण बॉल दुसऱ्या बाजूने आत येतो किंवा स्क्रीन लावणारा खेळाडू बदलतो. बचावात मोठा खेळाडू पहिल्या सामन्यात मागे थांबत असेल तर दुसऱ्यात पहिल्या पाच मिनिटांत तो बाहेर येऊन अडवतोय का ते बघा. कोचने काय बदललं ते तिथेच कळतं.

फाउलचं व्यवस्थापन हा बाहेरच्या सामन्यांत घात करणारा भाग. कॉलेजमध्ये 20-20 मिनिटांचे दोन अर्ध असतात आणि पाच फाउलला खेळाडू बाहेर. आपल्याकडे शालेय आणि राज्य पातळीवर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी, दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये खेळणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा: फिबात सांघिक फाउल दर क्वार्टरला शून्यावर येतात, कॉलेजमध्ये ते पूर्ण अर्धभर साठत जातात. सातव्या फाउलपासून समोरच्याला एकावर एक फ्री थ्रो, म्हणजे पहिला पडला तरच दुसरा; दहाव्यापासून सरळ दोन. बारा मिनिटं शिल्लक असताना सात फाउल झालेला पाहुणा संघ बहुतेक वेळा सामना तिथेच गमावतो, कारण पुढे त्याला आक्रमक बचाव करताच येत नाही. शॉट क्लॉकही 24 नव्हे, 30 सेकंदांचा. आक्रमणातल्या रिबाउंडनंतर 20.

दुखापतींची माहिती पूर्वी अफवांवर मिळायची. एसईसीने 2024-25 पासून कॉन्फरन्स सामन्यांसाठी आदल्या संध्याकाळी आणि सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या उपलब्धतेचा अहवाल सक्तीचा केला. निकालाचं विश्लेषण करताना तो अहवाल शेजारी ठेवा.

मार्चच्या सुरुवातीला तक्त्यातल्या एकेका पायरीला किंमत येते, कारण नॅशव्हिलच्या स्पर्धेचं मानांकन त्यावर ठरतं. पहिल्या चौघांना थेट उपांत्यपूर्व फेरी: तीन दिवसांत तीन विजय पुरे. पाच ते आठ यांना चार दिवसांत चार. नऊ ते सोळा यांना पाच दिवसांत पाच. 2025 मध्ये टेनेसी 12-6 ने चौथा आणि टेक्सास ए अँड एम 11-7 ने पाचवा होता. एका विजयाचा फरक. टेनेसीने शुक्रवारपर्यंत विश्रांती घेतली. ए अँड एम गुरुवारी टेक्सासशी खेळून दोन ओव्हरटाइमनंतर 94-89 ने हरला. आणि आदल्याच दिवशी वँडरबिल्टशी खेळलेला, गुरुवारी दोन ओव्हरटाइम काढलेला टेक्सास शुक्रवारी ताज्यातवान्या टेनेसीपुढे 83-72 ने गेला. पाच दिवसांत पाच विजय अशक्य नाहीत: 2011 मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये 9-9 असलेल्या कनेटिकटने आणि 2024 मध्ये एसीसीमध्ये 9-11 असलेल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ते केलं. पण त्यासाठी सात-आठ खेळाडूंची भरवशाची फळी लागते.

बरोबरी झाली तर आधी आपापसातला सामना. अनेक संघ बरोबरीत असतील तर त्यांच्यातल्या सामन्यांची एकत्रित टक्केवारी. तरीही सुटलं नाही तर अग्रमानांकित संघापासून खाली उतरत प्रत्येकाविरुद्धची कामगिरी. 2025 मध्ये केंटकी, मिझुरी आणि ओल मिस तिघे 10-8 आणि आर्कन्सॉ, मिसिसिपी स्टेट, जॉर्जिया, वँडरबिल्ट चौघे 8-10 होते. म्हणून फेब्रुवारीपासूनच शेजारी एका कागदावर मधल्या संघांचे आपापसातले निकाल मांडत जावं. आर्कन्सॉचं उदाहरण इथे विसरू नये: सुरुवात 0-5, शेवट 8-10, आणि राष्ट्रीय स्पर्धेत कॅन्सस व सेंट जॉन्स यांना हरवून अंतिम 16 मध्ये. पहिले पाच पराभव कुणाकडून आणि कुठे झाले होते हे न बघता जानेवारीत त्यांच्यावर काट मारणारे चुकले.

एसईसीचे एकूण 14 संघ त्या वर्षी आत गेले. आधीचा विक्रम बिग ईस्टचा, 2011 चे 11. एसईसीच्या 14 पैकी सात अंतिम 16 मध्ये पोहोचले आणि फ्लोरिडाने सॅन अँटोनिओत ह्यूस्टनला 65-63 असं हरवून विजेतेपद घेतलं. समितीने 8-10 आणि 6-12 च्या संघांना दिलेलं झुकतं माप एकंदरीत चुकीचं नव्हतं, असं माझं मत आहे.

हे सगळं मोठ्या कॉन्फरन्सना लागू पडतं. आयव्ही लीगसारख्या ठिकाणी चित्र उलटं असतं. आठ संघ, 14 सामने, पूर्ण दुहेरी साखळी. तक्ता तिथे अगदी न्याय्य. पण सहसा राष्ट्रीय स्पर्धेत एकच संघ जातो, आणि तो चार संघांच्या शेवटच्या स्पर्धेतून ठरतो. वर्षभर पहिला राहिलेला संघ एका वाईट दुपारी बाहेर पडू शकतो. अशा कॉन्फरन्समध्ये पहिल्या चारांत राहणं आणि मार्चमध्ये सर्व खेळाडू धडधाकट असणं, याला नेट क्रमांकापेक्षा जास्त महत्त्व आहे.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा: मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी 7 चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5.30 ला सुरू होतो, मध्य विभागातला 6.30 ला. त्या रविवारी तिथली घड्याळं पुढे जातात आणि सगळं एक तास अलीकडे येतं. शनिवारी दुपारचे सामने आपल्याकडे रात्री उशिरा लागतात आणि एसईसीचा अंतिम सामना रविवारी रात्री 10.30 च्या सुमारास. राष्ट्रीय स्पर्धेची यादी जाहीर होते ती त्याच रात्री, सोमवारच्या पहाटे 3.30 ला.